डाव्या खिशातले चिंचोके

मरडीकेरीच्या राखीव रानात फाटकातून आत गेलं की चार वाटा फुटतात. पक्षी बघायला येणारी मंडळी बहुधा पहिल्या तीनच धरतात. एक तळ्याकडे जाते. हिवाळ्यात तिथे थापट्या, चक्रवाक आणि अडई बदकं उतरतात. दुसरी साग आणि बांबूच्या उतारावर चढते. तिथे हरियाल, तांबट, सुतार. तिसरी काटेरी झुडपांतून जाते. तिथे खाटीक आणि सातभाई. धारवाडच्या पश्चिमेला मलनाडाचं जंगल सुरू होतं आणि पूर्वेला काळ्या मातीचा उघडा मुलूख. मरडीकेरी त्या सांध्यावर असल्यामुळे दोन तासांच्या पायपिटीत सगळ्या तऱ्हेची पाखरं दिसतात.

चौथी वाट माळाकडे जायची. आता तिथे माळ नाही. शिसव, करंज आणि निलगिरीची चाळीस एकर झाडी आहे आणि तिच्या तोंडाशी एक फलक आहे: ‘सिद्राम वन. ही झाडं आमचे रखवालदार सिद्राम सटवाजी मेत्री यांनी जगवली.’ हा फलक काढावा म्हणून सिद्राम मेत्रींनी रान सांभाळणाऱ्या मंडळाकडे तीनदा अर्ज केला होता. मंडळाने तो त्यांचा विनय समजला.

सिद्रामचा जन्म १९४६ चा, हुबळीच्या कमरीपेठेतला. वडील सटवाजी रेल्वेच्या कारखान्यात हेल्पर होते. १९५६ च्या ऑक्टोबरात ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. परतल्यावर त्यांनी कोनाड्यातले देव उतरवून एका पिशवीत भरले आणि मुलांना बसवून सांगितलं, आजपासून विटाळ नाही, अपशकुन नाही, अमक्याला हात लावू नको असं काही नाही. दीक्षेनंतर अठरा दिवसांनी धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. दहा वर्षांच्या सिद्रामच्या घराचा धर्म आणि राज्य तीन आठवड्यांच्या आत बदललं. राज्य बदलल्याचं त्याला फारसं जाणवलं नाही. कन्नड तो गल्लीत बोलतच होता. वडिलांचं ते वाक्य मात्र त्याने जन्मभर पाळलं. पुढे जे झालं त्यात त्या वाक्याचाही हात होता.

मराठी सातवी झाल्यावर त्याने दुर्गदबैलच्या बाजारात हमाली केली, धान्याच्या वखारीत राखण केली. १९६८ मध्ये मरडीकेरीला रोजंदारीवर रखवालदार लागला. एका देसायांनी आपली शिकारीची नऊशे एकर जमीन पाखरांसाठी म्हणून एका मंडळाला देऊन टाकली होती, तिची ही राखण. रानातच दोन खोल्या मिळाल्या. बायको नागुबाई आणि वर्षाची मुलगी शालिनी यांना घेऊन तो तिथे राहायला गेला.

१९७४ च्या आषाढात माळावर गस्त घालताना त्याला गवतात कुणीतरी काळा फडका वर फेकत असल्यासारखं दिसलं. फडका माणसाच्या डोक्याएवढा वर यायचा, क्षणभर फडफडायचा आणि खाली पडायचा. थोड्या वेळाने पुन्हा, तिथूनच. गुराख्याची पोरं खेळत असतील म्हणून तो काठी घेऊन गेला. पोरं नव्हती. गवत हललं आणि कोंबडीएवढा काळा पक्षी मान खाली घालून पळाला. डोक्यामागे तुऱ्याच्या लांब काड्या होत्या.

त्या रविवारी धारवाडहून प्रभंजन सर आले. ते महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि दर रविवारी चार-सहा विद्यार्थ्यांना घेऊन दुर्बीण गळ्यात अडकवून सायकलने यायचे. सिद्रामने त्यांना माळावर नेऊन बसवलं. तासाभराने फडका उडाला. सरांनी दुर्बीण लावली आणि बराच वेळ खाली घेतली नाही.

“सिद्राम, हा तणमोर आहे,” ते म्हणाले. “पावसाळ्यात नर असा उडतो, मादीला दिसावं म्हणून. गवत उंच असतं, उडी मारल्याशिवाय तिला दिसणार कसा? फार थोडे उरलेत रे हे.”

“दिवसात किती उड्या मारतो सर?”

“मोजून बघ की. मला कोण मोजू देणार? माझ्या बायकोला रविवारी दुपारी भाजी लागते.”

सिद्रामने मोजलं. त्यासाठी त्याने स्वतःची एक रीत काढली. अंगातल्या खाकी सदऱ्याच्या डाव्या खिशात साठ चिंचोके. दहा उड्या झाल्या की एक चिंचोका डाव्यातून उजव्यात. वही काढायची नाही, मान हलवायची नाही, नजर गवतावरून काढायची नाही. अंधार पडला की घरी येऊन उजवा खिसा ताटलीत रिकामा करायचा आणि आकडा वहीत लिहायचा. पहिल्या वर्षीचा आकडा सव्वीस चिंचोक्यांचा आहे, म्हणजे दोनशे साठ उड्या. सर्वांत मोठा १९७८ च्या श्रावणातला: एक्केचाळीस. त्या वर्षी तीन नर आले होते. मोजला तो थोरला, कारण त्याची जागा ठरलेली होती. माळावरच्या एका वारुळाच्या डाव्या हाताला, दर वर्षी तीच.

नागुबाई म्हणायची, “माझ्याकडं बघत कधी दिसभर बसलासा काय?”

“तू उड्या मारतीस काय?”

“मारते की. चुलीवरचं दूध उतू जाताना बघा एकदा.”

सिद्राम पक्ष्याला उडीवाला म्हणायचा, तिने त्याचं नाव सवत ठेवलं होतं. नर आहे असं सांगूनही तिने ते बदललं नाही. आषाढ लागला की ती स्वतःच चिंचोके धुऊन, पुसून सदऱ्याच्या खिशात घालून ठेवायची.

महिन्याचा अहवाल मंडळाला द्यावा लागे. छापील कागद होता. वणवा लागला काय, लाकूडतोड झाली काय, गुरं शिरली काय, रोपं किती जगली, असे रकाने होते. पक्ष्यांचा रकाना नव्हता. मंडळाच्या नकाशात तळं निळं होतं, उतार हिरवा, झुडपं पिवळी. माळ कागदाच्याच रंगाचा होता, आणि त्यावर ‘खाली जागा’, म्हणजे रिकामी, असं लिहिलेलं होतं.

१९८३ मध्ये मंडळाने या खाली जागेवर झाडं लावायचं ठरवलं. मधल्या ओढ्याने माळाचे दोन भाग केले होते. उत्तरेचे वीस एकर सिद्रामकडे दिले, दक्षिणेचे वीस हणमंतकडे. हणमंत हा दुसरा रखवालदार, सिद्रामपेक्षा आठ वर्षांनी लहान, रायापूरचा, पत्ते खेळण्यात तरबेज. प्रत्येकी सातशे रोपं. तीन वर्षांनी शंभरातली ऐंशी उभी राहिली तर तो रखवालदार कायम होणार होता. सिद्राम पंधरा वर्षं रोजंदारीवर होता.

तरी रोपं आली त्या रविवारी त्याने सरांना विचारलं.

“सर, झाडं झाल्यावर उडीवाला कुठं नाचणार?”

सरांनी हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. झाडं आली की पक्षी येतात, हे वाक्य ते दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगत आले होते. त्या काळात असं मानण्यात कुणाला चूक दिसत नव्हती. “अरे, पक्षी आहे तो. पंख आहेत त्याला. थोडा सरकेल,” ते म्हणाले. पहिलं रोप त्यांच्याच हस्ते लावलं गेलं. ते वारुळाच्या डाव्या हाताला लागलं, कारण तिथली माती मऊ होती.

सिद्रामला काम वाईट करता येत नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात रोपं सुकायला लागली तेव्हा त्याला एका म्हाताऱ्या माळ्याची रीत आठवली. गाडग्याच्या बुडाला भोक पाडायचं, भोकात चिंधीची वात घालायची, गाडगं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं आणि पाण्याने भरायचं. वातीतून थेंब थेंब पाझरत पाच-सहा दिवस मुळाला पाणी मिळतं. पण सातशे गाडगी आणायची कुठून?

गाडगी होती. घरात कुणी गेलं की सुतक फिटताना लोक स्वयंपाकघरातली जुनी गाडगी-मडकी गावाबाहेर नेऊन टाकतात. ती कुणी उचलत नाही. आसपासच्या बारा-चौदा गावांच्या शिवेवर आणि हुबळीच्या जुन्या वस्त्यांमागे असे ढीग वर्षानुवर्षं पडलेले होते. सिद्राम बैलगाडी घेऊन निघाला. एका गावात दुर्गव्वा नावाच्या म्हातारीने त्याला वाकलेलं पाहिलं आणि ती ओरडत आली. “तम्मा, मुट्टब्याड!” हात लावू नको, ती मेलेल्याची आहेत. सिद्रामने तिला नमस्कार केला आणि गाडी भरली.

हणमंत फाटकावरूनच मागे सरला. “सिद्रामण्णा, ही असली मडकी? आमच्या घरात कळलं तर मला अंघोळ केल्याशिवाय जेवायला घालणार नाहीत.”

“तू अशीही अंघोळ करत नाहीस. एक दिवस करशील.”

नागुबाईही कुरकुरली. “लोक काय म्हणतील वो?”

“आधी आपल्या सावलीला म्हणत होते,” सिद्राम म्हणाला. “आता गाडग्याला म्हणू देत.”

दोन वर्षं नवरा-बायकोने गाडीवरच्या पिंपातून तळ्याचं पाणी आणलं. रोज एकशे चाळीस गाडगी भरायची. सहाव्या दिवशी पुन्हा पहिल्या रांगेपासून. पंच्याऐंशीचा पाऊस हातचा गेला. तळं अर्ध्यावर आलं, आसपासच्या गावांतली लावलेली झाडं झाडून सगळी मेली. माळावर गवत वीतभरही आलं नाही आणि उडीवाला त्या वर्षी फिरकला नाही. सिद्रामने वहीत लिहिलं, ‘गवत नाही म्हणून आला नाही. पुढच्या साली येईल.’ त्या उन्हाळ्यात नागुबाईचा उजवा गुडघा गेला, तो कायमचाच.

१९८६ च्या मोजणीत उत्तरेला सातशेपैकी सहाशे चौसष्ट झाडं उभी होती, डोक्यावर गेलेली. दक्षिणेला नऊ. बाकीची शेळ्यांनी खाल्ली होती आणि शेळ्यांनी सोडली ती वाळली होती. त्या श्रावणात पाऊस बरा झाला, गवत वाढलं. उडीवाला आला. पहिल्या दिवशी वारुळापाशी चार चिंचोके. उडी वर जायची आणि झाडाच्या शेंड्याच्या खालीच संपायची. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी सगळ्यांत उंच शिसवीवर पाखरं मारणारा शिक्रा येऊन बसला आणि दिवसभर हलला नाही. त्या दिवशीची नोंद ‘एकही उडी नाही’ अशी आहे.

चौथ्या दिवशी ओढ्यापलीकडून हणमंत हाका मारत आला.

“सिद्रामण्णा! तुझा पाहुणा माझ्याकडं नाचतोय! मी काहीच केलं नाही बघ, म्हणून आला. आळसाचं बक्षीस!”

तो हसत होता. सिद्राम ओढा उतरून पलीकडे गेला, हणमंतच्या उजाड जमिनीत, जिथे गवत कमरेएवढं होतं, तिथे बसला. संध्याकाळपर्यंत एकोणीस चिंचोके झाले. घरी येऊन त्याने नागुबाईला सांगितलं, “आपण पाणी घालून घालून त्याला हाकललं.”

पुढच्या वर्षी सिद्राम कायम झाला. आदेश घेऊन मंडळाचे चिटणीस राघवेंद्रराव स्वतः आले. पेढे वाटले. मग म्हणाले, “हणमंतला फाटकावर बसवतो. दक्षिणेचे वीस एकरही आता तूच घे. उत्तरेला केलंस तसंच कर.”

बोलणं कन्नडमध्ये झालं. सिद्रामने ते रात्री वहीत मराठीत उतरवून ठेवलं आहे.

“साहेब, तिकडं तो पक्षी नाचतो.”

“किती आहेत?”

“एक. कधी दोन.”

“एका पक्ष्यासाठी वीस एकर मोकळी ठेवू? झाडं झाली की शंभर येऊन बसतील. तू रविवारी मोजत बस, मग तर झालं?”

“हा झाडावर बसत नाही साहेब.”

“मग शिकेल,” राघवेंद्रराव म्हणाले आणि आणखी एक पेढा त्याच्या हातावर ठेवून गेले.

नाही म्हटलं असतं तर रोपं दुसऱ्या कुणी लावली असती, हे सिद्रामला माहीत होतं. त्याने हो म्हटलं. जे करायचं ते त्याने मनात ठरवलं होतं आणि फक्त नागुबाईला सांगितलं होतं. १९८८ च्या आषाढात त्याने सातशे रोपं रांगेत लावली, प्रत्येकाशेजारी वात घातलेलं एकेक गाडगं गळ्यापर्यंत पुरलं आणि त्यात पाणी घातलं नाही. वरून बघणाऱ्याला सगळं उत्तरेसारखंच दिसत होतं. राघवेंद्ररावांनी रांगा पाहिल्या आणि समाधानाने परत गेले. वीस वर्षांच्या नोकरीत सिद्रामने केलेली ही एकच लबाडी. पाऊस संपला की मार्गशीर्षापर्यंत रोपं वाळतील, असा त्याचा हिशेब होता.

पाऊस संपला नाही. श्रावण, भाद्रपद भरपूर झाला. दसऱ्यानंतर पुन्हा आला. कार्तिकात दोनदा मोठा झाला. गाडग्यांची तोंडं त्याने उघडी ठेवली होती, भरत असल्याचं दिसावं म्हणून. ती पावसानेच भरली.

मार्गशीर्षात त्याने एका गाडग्यात बोट घातलं. दोन पेरं पाणी होतं. वात ओली होती. रोपाला नवी तांबूस पालवी फुटली होती. तो गुडघ्यावर बसून एकेका गाडग्यातली वात ओढून काढायला लागला, भोकात चिखल दाबायला लागला. त्या दिवशी वहीत एवढंच आहे: ‘अकरा वाती काढल्या. बारावी काढवली नाही.’

नागुबाईला पुढे कुणीतरी विचारलं, बारावी का नाही काढवली? ती म्हणाली, “हाताला सवय नव्हती. जगवायची सवय होती.”

उन्हाळ्यात दीडशे रोपं वाळली. पावसात मुळं खोल गेलेली साडेपाचशे उरली. माळ मोडायला साडेपाचशे पुरेशी होती. १९८९ मध्ये उडीवाला आला, सात चिंचोके. १९९० मध्ये आला नाही.

त्या वर्षीच्या भाद्रपदात प्रभंजन सर आले. आता स्कूटरवर यायचे, निवृत्तीला आले होते. दोघं दक्षिणेच्या झाडीत सकाळपासून दुपारपर्यंत बसले. परत निघताना सर म्हणाले, “सिद्राम, माझं चुकलं. मी तुला नीट सांगायला हवं होतं.”

“तुमचं बोलण्यात चुकलं सर. माझं हातानं चुकलं.”

सर मग काही वर्षं आले, नंतर यायचे थांबले. नवे लोक येऊ लागले, भारी कॅमेरे घेऊन. झाडीत पक्षी खरोखरच वाढले होते. नाचण आले, हळद्या आले, कोतवाल आले. मंडळाच्या यादीत पक्ष्यांच्या दोनशे बारा जाती झाल्या आणि त्यात तणमोर लिहिलेला नव्हता, कारण यादी १९९१ मध्ये करायला घेतली होती.

सिद्राम २००४ मध्ये निवृत्त झाला. शाल, नारळ, भाषणं झाली आणि त्याच दिवशी तो फलक लागला. फलकाबद्दलच्या त्याच्या तिसऱ्या अर्जात आणखी एक मागणी होती: वारुळाभोवतालची एक एकर झाडं काढून तिथे गवत येऊ द्यावं. मंडळाने लेखी उत्तर दिलं की राखीव क्षेत्रात झाड तोडण्यास नियमाने मनाई आहे. नियम त्याला तोंडपाठ होता. त्याच नियमाखाली त्याने छत्तीस वर्षांत अनेक लाकूडचोर पकडून दिले होते.

निवृत्तीनंतर तो कमरीपेठेत शालिनीकडे राहिला. ती शाळेत शिक्षिका झाली होती. दर आषाढात मात्र तो पहाटेच्या बसने मरडीकेरीला जायचा. फाटकावर हणमंत असायचा, केस पांढरे झालेला.

“आला काय अण्णा? पाहुण्याचं पत्र-बित्र?”

“नाही.”

“चहा घे मग.”

चहा पिऊन सिद्राम चौथ्या वाटेने आत जायचा, फलकाकडे न बघता. वारूळ केव्हाच विरघळून गेलं होतं. सरांनी लावलेलं झाड खुणेला होतं. त्याच्या बुंध्याशी तो संध्याकाळपर्यंत बसायचा, तोच खाकी सदरा घालून. झाडीखाली गवत उगवत नव्हतं, नुसता पाचोळा होता. वहीत प्रत्येक वर्षी एकच ओळ आहे, सालासकट: ‘आला नाही.’

२०१२ च्या आषाढात तो असाच जाऊन आला, ताप घेऊन परतला आणि आठव्या दिवशी गेला. घरात मातीची गाडगी नव्हतीच, त्यामुळे टाकायचा प्रश्न आला नाही. हणमंत अंत्ययात्रेला आला होता.

पंधरा दिवसांनी नागुबाईने खाकी सदरा धुवायला घेतला. डाव्या खिशातून चिंचोके काढून ताटलीत टाकले. साठच्या साठ होते. मग सवयीने उजव्या खिशात हात घातला, तर बोटं शिवणीतून आरपार बाहेर आली. खिसा तळाशी उसवलेला होता. केव्हापासून, ते तिला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत त्यात काही पडलंच नव्हतं, म्हणून काही गळलंही नव्हतं.

“मला सांगितलं असतं तर शिवला असता की,” ती म्हणाली, आणि सदरा बादलीत बुडवला.